मामांच्या टॅक्सीतला टेप

मामांची पद्मिनी १९९९ ची. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, त्यामुळे २०१९ मध्ये ती रस्त्यावरून उतरली. शहरातल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीचा निरोप त्यानंतर चार वर्षांनी, ३० ऑक्टोबर २०२३ ला झाला. तेव्हा मामा टीव्हीसमोर बसून होते आणि कुणाशी बोलले नव्हते. गाडी भंगारात देण्याच्या आदल्या रात्री त्यांनी स्वतःच्या हाताने तिच्यातला टेप आणि मागच्या ट्रेमधले दोन स्पीकर काढले. पिशवीत भरून ते सगळं आमच्या काळाचौकीच्या खोलीत माळ्यावर आणून ठेवलं. टेप म्हणजे खरं तर सीडी आणि यूएसबीवाला सेट, पण मामा त्याला टेपच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो.

गेल्या वर्षी मामेभावाने जुनी वॅगनार घेतली. तिच्या डॅशबोर्डमध्ये सेटची जागा मोकळी होती. मामांनी लगेच माळ्याकडे बोट दाखवलं. भाऊ फिटरकडे गेला तर त्याने स्पष्ट सांगितलं, "इतकी वर्षं पडून असलेला सेट मी थेट गाडीत जोडणार नाही. चालतो का ते आधी बघून आणा." तेव्हा मला ते टाळाटाळीचं वाटलं. आता वाटतं, त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. सेट गाडीत जोडला आणि वाजला नाही, तर दोष सेटमध्ये आहे, स्पीकरमध्ये आहे, की गाडीच्या वायरिंगमध्ये, हे कळायला मार्गच नसतो. तिन्ही गोष्टी एकदम संशयित होतात. शिवाय भावाची गाडी रस्त्यावर उभी असते, दार उघडं टाकून तासभर वाकून काम करायला जागा नाही. म्हणून ठरवलं, घरीच तपासायचा. मी बँकेत नोकरी करतो, पण लहानपणापासून रेडिओ उघडायची सवय आहे, त्यामुळे जमेल असं वाटलं.

पहिल्या दिवशी जे झालं ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातून शिकलो.

घरात कॉम्प्युटरच्या यूपीएसमधून काढलेली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी होती, चार्ज केलेली. गाडीतही १२ व्होल्टच असतात, तेव्हा हिच्यावर सेट चालायला हरकत नाही, असा माझा हिशोब. तो चूक नव्हता. सेटच्या मागच्या कपलरला (सगळ्या तारा एकत्र जोडायचा प्लग) टॅक्सीतल्या तारांची वीतभर शेपटं अजून लटकत होती. एक लाल, एक काळी, बाकी बारीक. लाल तार बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला, अशी क्रोकोडाइल क्लिप लावली. ठिणगी उडाली. पुढच्या दोन-तीन सेकंदांत काळ्या तारेचं प्लास्टिक मऊ होऊन ओघळायला लागलं आणि खोलीत धूर झाला. माझी मुलगी शेजारीच वही घेऊन अभ्यासाला बसली होती. मी क्लिप ओढून काढली, ती बोटाला चटकली. तार वहीच्या कोपऱ्यावर पडली आणि तिथे तपकिरी वण उमटला. ती वही मी अजून ठेवली आहे.

१२ व्होल्टचा शॉक लागत नाही, हे खरं आहे. कोरड्या हाताने दोन्ही टोकं धरली तरी काही जाणवत नाही. म्हणूनच माणूस गाफील राहतो. पण अशी छोटी बॅटरीसुद्धा शॉर्ट झाली की शंभराहून जास्त अँपियर सोडू शकते. बारीक तारेसाठी तेवढा करंट म्हणजे हीटरच. बोटात अंगठी असती आणि ती दोन टोकांमध्ये आली असती तर काय झालं असतं, हा विचार रात्री झोपताना आला. तेव्हापासून बॅटरीजवळ बसण्याआधी अंगठी आणि घड्याळ काढून ठेवतो.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात. गिरणीत वायरमन होते. आता ऐंशीच्या घरात आहेत, पण चाळीत कुणाचा पंखा अडला तर पहिला निरोप त्यांनाच जातो. धुराचा वास त्यांच्यापर्यंत गेला होता. ते वर आले, सेट हातात घेतला, मागचा फ्यूज ओढून काढला आणि माझ्यासमोर धरला. १० अँपियरचा लाल फ्यूज, आणि त्याच्या दोन पायांभोवती सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली.

"हा फ्यूज राहिलाय का आता? ही तर तार झाली," काका म्हणाले.

मामांना फोन केला. ते लगेच म्हणाले, "हो रे, मीच गुंडाळली होती. एअरपोर्टच्या लाइनीत रात्री फ्यूज गेला, दुसरा नव्हता. उद्या बदलू म्हटलं आणि राहिलंच." त्यांच्या आवाजात इतका अपराधीपणा होता की मलाच वाईट वाटलं. रात्रपाळीत बारा तास गाडी चालवणाऱ्या माणसाची ती एका रात्रीची सोय होती. त्यात बेजबाबदारपणा नव्हता. पण ती चांदी अकरा-बारा वर्षं तशीच राहिली आणि शेवटी माझ्या मुलीच्या वहीशेजारी पेटली.

दुसरी चूक माझी. सेटमधून निघणाऱ्या तारांचे रंग आणि पुढे जोडलेल्या शेपटांचे रंग यांचा काहीही संबंध नव्हता. टॅक्सीत बसवताना फिटरच्या हाताला जी तार लागली ती त्याने जोडली होती. सेटच्या पिवळ्या तारेला पुढे काळी, आणि सेटच्या काळ्या तारेला पुढे लाल. मी शेपटांवर विश्वास ठेवला आणि प्लस-मायनस उलटे दिले. बऱ्याच सेटमध्ये पॉवरच्या तोंडाशी एक डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, असतो. उलटी वीज आली की तो स्वतः शॉर्ट होतो आणि फ्यूज उडवतो, म्हणजे आतलं सगळं वाचतं. इथे डायोडने आपलं काम केलं, पण उडायला फ्यूजच नव्हता.

काकांनी शेपटं सगळी कापायला लावली, कपलरपर्यंत. मग मी वहीच्या कागदावर सेटच्या मूळ तारांची यादी केली. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक सेटमध्ये हे रंग सारखेच असतात: पिवळी म्हणजे बॅटरीचा कायमचा प्लस, सेटची आठवण ती सांभाळते. लाल म्हणजे किल्ली फिरवल्यावर येणारा प्लस. काळी मायनस. निळी-पांढरी अ‍ॅम्पला (आवाज वाढवणारी वेगळी पेटी) चालू होण्याचा इशारा देते. स्पीकरच्या चार जोड्या पांढरी, करडी, हिरवी, जांभळी, आणि प्रत्येक जोडीतली काळ्या रेघेची तार मायनस. पण सेटच्या अंगावर छापील चिठ्ठी असेल तर तीच प्रमाण मानावी. आमच्या सेटच्या वरच्या पत्र्यावर ती होती, काजळीखाली. स्पिरिटने पुसल्यावर दिसली.

आता काकांनी मला जे शिकवलं ते सांगतो, आणि ते जरा सविस्तर सांगतो. रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांकडे सिरीज बोर्ड असायचा. संशयित वस्तूला थेट वीज न देता मध्ये एक बल्ब लावायचा. वस्तू शॉर्ट असेल तर सगळी वीज बल्ब पिऊन टाकतो आणि पूर्ण पेटतो, बाकी काही जळत नाही. घरच्या २३० व्होल्टवर ते लोक ६० किंवा १०० वॅटचा बल्ब वापरायचे. इथे १२ व्होल्ट आहेत, म्हणून गाडीच्या ब्रेकलाइटचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब. २१ भागिले १२, म्हणजे पावणेदोन अँपियर. सेटमध्ये कितीही मोठा घोटाळा असला तरी त्याहून जास्त करंट वाहूच शकत नाही. बल्ब आणि होल्डर मिळून शंभर रुपयांच्या आत काम झालं. बॅटरीच्या प्लसपासून चार बोटांवर फ्यूजचा होल्डर, त्यात ५ अँपियरचा फ्यूज, मग बल्ब, मग सेटची पिवळी तार, असा क्रम. फ्यूज बॅटरीला जितका चिकटून तितका चांगला, कारण फ्यूजच्या अलीकडे जी तार असते तिला कुणीच राखत नाही.

फ्यूज, बल्बचे होल्डर, जाड तार आणि एक बरा मल्टिमीटर घ्यायला मी शनिवारी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असलं तरी त्या रस्त्याला लॅमिंग्टन रोड म्हटल्याशिवाय कुणाला कळत नाही. तिथल्या दुकानांत काउंटरवर उभं राहून काय हवंय ते नीट सांगितलं तर माणसं खूप मदत करतात. फ्यूज मागताना अँपियर सांगा, रंगही तपासा: ५ चा फिकट बदामी, १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा.

घरी आल्यावर जमिनीवर रबरी चटई, त्यावर लाकडी पाट, पाटावर सेट. पाट हे माझं टेबल. लाकूड आहे, उंचीला बरं पडतं आणि जेवताना उचलून ठेवता येतं. मुलगी झोपल्यावर किंवा शाळेत असतानाच काम, हा नियम बायकोने घातला आणि मी तो मोडला नाही.

आधी वीज न देता मीटर लावला. पिवळ्या आणि काळ्या तारेमध्ये ओहम बघितले तर मीटर दोन्ही बाजूंनी जवळजवळ शून्य दाखवत होता. तरी बल्बमधून वीज देऊन पाहिली, कारण मला ते डोळ्यांनी बघायचं होतं. बल्ब लख्ख पेटला, सेट मेलेलाच. पण धूर नाही, ठिणगी नाही, काही गरम नाही. त्याच बॅटरीने, त्याच दोषाने चार दिवसांपूर्वी तार जाळली होती. मध्ये एक बल्ब आला तर तोच प्रसंग इतका शांतपणे पार पडला. मी बराच वेळ त्या बल्बकडे बघत बसलो.

सेट उघडला. डायोड काळा पडलेला, कपलरच्या सॉकेटमागेच. काकांची नजर आता कमी झाली आहे, पण हात अजून स्थिर आहेत. त्यांनी जुना डायोड काढला, मी ३ अँपियरचा नवा, पट्टीची बाजू नीट बघून, डाग देऊन बसवला. पुन्हा मीटर. आता एका बाजूने डायोडचा आकडा आणि दुसऱ्या बाजूने हळूहळू वर चढणारे ओहम. आतले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) मीटरच्या सेलवर भरत होते, ते चांगलं लक्षण.

पुन्हा बल्बमधून पिवळी तार जोडली. बल्ब क्षणभर लुकलुकला आणि विझला. मग लाल तार त्याच बिंदूला टेकवली. बल्बच्या तारेत मंद तांबूस रंग आला आणि सेटचा हिरवा पडदा उजळला. आकडे आले. मी मामांना फोन केला नाही, कारण अजून आवाज ऐकला नव्हता.

स्पीकर जोडायच्या आधी ते वेगळे तपासले. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर ४ दाखवत नाही, सव्वातीन ते साडेतीनच्या आसपास दाखवतो, ते बरोबरच आहे. एकाने ३.४ दाखवले. दुसऱ्याने काहीच नाही, म्हणजे आत कुठेतरी तार तुटलेली. मग घड्याळातला दीड व्होल्टचा सेल टेकवून पाहिला. चांगल्या स्पीकरने 'टप्' केलं आणि त्याचा पडदा बाहेर उचलला. बाहेर उचलला म्हणजे सेलचा प्लस लागला ते टोक स्पीकरचंही प्लस. यासाठी ९ व्होल्टची बॅटरी वापरायचा मोह होतो, पण नको. आणि बारीक ट्वीटरला तर दीड व्होल्टही थेट देऊ नये. दुसऱ्या स्पीकरची बाहेरून पडद्याकडे जाणारी विणलेली तार टोकाशीच गळून गेली होती, वर हिरवट थर. मुंबईच्या दमट खाऱ्या हवेत तांब्याचं असंच होतं. घासून, नवा डाग देऊन ती जोडली आणि तोही जिवंत झाला.

आता सर्वात महत्त्वाची गोष्ट. जुन्या वायरिंगमध्ये स्पीकरची एकच तार सेटकडून आणायची आणि दुसरं टोक गाडीच्या बॉडीला लावायचं, अशी पद्धत होती. मामांच्या टॅक्सीतही डाव्या स्पीकरचं मायनस तसंच बॉडीला होतं, हे त्यांनीच आठवून सांगितलं. अलीकडच्या सेटना ते चालत नाही. त्यांच्या स्पीकरच्या दोन्ही तारांवर, प्लसवरही आणि मायनसवरही, सेट चालू असताना बॅटरीच्या साधारण अर्धे व्होल्ट असतात. दोघांमधला फरक म्हणजे आवाज. यातली एक तार बॉडीला लावली की आतली अ‍ॅम्पलिफायर आयसी (आवाज वाढवणारी चिप) शॉर्ट. म्हणून स्पीकर जोडण्याआधी, आवाज शून्यावर ठेवून, मी मीटरची काळी टोचणी सेटच्या मायनसला लावली आणि स्पीकरच्या आठही तारा एकेक तपासल्या. सात तारांवर साडेपाचच्या जवळपास. हिरव्या जोडीतल्या काळ्या रेघेच्या तारेवर ०.८. म्हणजे मागचा डावा चॅनेल गेलेला, आणि नेमका तोच वर्षानुवर्षं बॉडीला लावलेला. मामा म्हणत होते की शेवटची दोन वर्षं डावा स्पीकर "दमल्यासारखा" वाजायचा. त्याचं कारण माझ्या कागदावर आलं होतं. त्या चॅनेलला स्पीकर लावला असता तर आयसीतून सरळ डीसी करंट स्पीकरच्या कॉइलमध्ये गेला असता आणि आत्ताच जोडलेली कॉइल जळाली असती. त्या दोन्ही तारांची टोकं वेगवेगळी टेपने बंद केली. एकत्र पीळ देऊन नाही, वेगवेगळी.

बाकीच्या जोड्यांमध्ये प्लस आणि मायनसमधला फरक काही मिलिव्होल्टच होता. पुढच्या दोन चॅनेलना दोन्ही स्पीकर जोडले, यूएसबी लावली, आवाज दोनवर. खोलीत तबल्याचा ठेका आला. मग मामांना फोन करून तो सेटसमोर धरला. ते काही बोलले नाहीत, फक्त फोन ठेवला नाही.

आवाज वाढवला की बल्ब ठेक्याबरोबर उजळायचा आणि सहाच्या पुढे सेट बंद होऊन पुन्हा चालू व्हायचा. हा बिघाड नाही. बल्ब करंट अडवतोय, म्हणून व्होल्ट पडतात. बल्बचं काम संपलं याची ही खूण. तेव्हा बल्ब काढला, सेटमध्ये नवा कोरा १० चा फ्यूज घातला, बॅटरीजवळचा ५ चा तसाच ठेवला. सेटवर ४ गुणिले ५० वॅट छापलंय म्हणून इतक्याशा बॅटरीवर कसा चालला, असं भावाने विचारलं. फ्यूज बघ म्हटलं: १० अँपियर गुणिले १४.४ व्होल्ट, १४४ वॅट. त्यातलाही मोठा भाग उष्णता होऊन मागच्या पत्र्यातून जातो. २०० वॅट येणार कुठून? एका चॅनेलला खरे पंधरा-वीस वॅट मिळाले तरी खूप, आणि दहा बाय बाराच्या खोलीत त्यातले दोनही पुरे होतात.

मधल्या काळात वीज देण्याचे बाकीचे मार्गही लोकांनी सुचवले. वायफायचा १२ व्होल्ट १ अँपियरचा अडॅप्टर: सेट उजळतो, पण आवाज वाढला की बसतो, आणि सेटमध्येच दोष आहे असं वाटायला लागतं. जुना ट्रान्सफॉर्मर आणि डायोडचा पूल: १२ व्होल्ट एसी रेक्टिफाय करून कपॅसिटर लावला की साडेपंधरा-सोळापर्यंत जातात, लोड नसेल तर आणखी वर. १२-०-१२ ची बाहेरची दोन टोकं चुकून घेतली तर तिसाच्या पुढे. सेट संपला. बॅटरीचा चार्जर थेट लावायचा तर मुळीच नाही, त्याची वीज गुळगुळीत नसते. जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय चांगला आहे, हिरवी तार काळीला जोडली की चालू होतो, पण तिथे एक फसगत आहे. त्याची पिवळी १२ व्होल्टची आणि लाल ५ व्होल्टची. सेटची पिवळी पिवळीला आणि लाल लालला लावली की पडदा लागतच नाही. सेटच्या दोन्ही तारा कॉम्प्युटरच्या पिवळीलाच जायला हव्यात.

भावाला एक जुना चार चॅनेलचा अ‍ॅम्पही बसवायचा होता. त्याला बॅटरी फार वेळ पुरत नव्हती, म्हणून सीसीटीव्हीवाले वापरतात तो जाळीच्या पत्र्याचा १२ व्होल्ट १० अँपियरचा एसएमपीएस (घरच्या विजेचे १२ व्होल्ट करून देणारा सप्लाय) आणला. आणि इथे धोका बदलला. बॅटरीत आग होती, इथे शॉक आहे. त्याच्या एका टोकाला स्क्रूंची रांग असते, त्यातले दोन स्क्रू सरळ २३० व्होल्टचे, आणि त्याच रांगेत, अगदी जवळ, तुमचे १२ व्होल्ट. मी पत्र्याला हात लावला तर बारीक झिणझिण्या आल्या. आतल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून थोडी गळती पत्र्यावर येते आणि ती अर्थमध्ये जायची असते. माझ्या सॉकेटला तीन भोकं होती, पण मीटरने फेज आणि अर्थमध्ये पाहिलं तर २३० ऐवजी नव्वदच्या घरात काहीतरी हलता आकडा. म्हणजे वरचं भोक शोभेचं, मागे तार कुठेच गेलेली नाही. आमच्या इमारतीचं वायरिंग दोन पिनांच्या काळातलं आहे आणि अशा खोल्या गिरणगावात कितीतरी असतील.

तिथे मी काम थांबवलं. तीन आठवडे एसएमपीएस खोक्यात राहिला. परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलावून खालच्या मीटरबोर्डापासून अर्थची तार वर आणली आणि खोलीत ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवली. या सगळ्या प्रकरणात सर्वात जास्त खर्च त्यावर झाला आणि सर्वात जास्त समाधान त्याचंच आहे, कारण त्याच सॉकेटवर आमचं मिक्सर आणि इस्त्री इतकी वर्षं चालत होती. काम झाल्यावर फेज-अर्थ २३२, न्यूट्रल-अर्थ एकाच्या आसपास. झिणझिण्या बंद. एसएमपीएस झाकणाच्या लाकडी खोक्यात स्क्रूने बसवला, हवेला भोकं ठेवली, तीन पदरी तार, आणि २३० च्या स्क्रूंवर प्लास्टिकचं कव्हर.

अ‍ॅम्पची तपासणी त्याच क्रमाने, फक्त बल्ब मोठा: हेडलाइटचा ५५ वॅटचा, म्हणजे साडेचार अँपियरपर्यंत. प्लस, मायनस, आणि सेटची निळी-पांढरी तार अ‍ॅम्पच्या 'रिमोट' लिहिलेल्या टोकाला. सेट आणि अ‍ॅम्पचं मायनस एकच हवं. गेनचं (आवाज किती वाढवायचा त्याचं) बटण सगळ्यात कमीवर. आत मोठे कपॅसिटर असतात, ते भरताना इतका करंट ओढतात की नुसत्या एसएमपीएसवर अ‍ॅम्प जोडला तर एसएमपीएस घाबरून बंद-चालू करत बसतो. बल्बमधून आधी ते सावकाश भरू दिले की हा त्रास होत नाही. बल्ब उजळून मंदावला, अ‍ॅम्पवर हिरवा दिवा लागला, प्रोटेक्टचा लाल लागला नाही. स्पीकरच्या टोकांवर डीसी तपासला, चारही चॅनेल नीट. मग बल्ब काढून फ्यूजवर अर्धा तास, हलक्या आवाजात. अ‍ॅम्प पाटावर उघडा, गादीवर किंवा गोधडीवर नाही, त्याला अंगाभोवती हवा लागते. पूर्ण ताकदीची परीक्षा घरी घेता येत नाही आणि घेऊही नये, एसएमपीएसची कुवत तेवढी नाही आणि शेजाऱ्यांची का असावी? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. आमच्या चाळीत नियमाच्या आधी शेजारच्या आजी आहेत, त्या साडेआठला झोपतात. मी आठला बंद करायचो.

रेडिओ राहिला होता. मामांना गाणी यूएसबीवर नको असतात, त्यांना आकाशवाणी लागते. पाऊण मीटर तार एरियलच्या भोकात खोचली आणि एफएम खणखणीत लागलं, १०७.१ पासून सगळी केंद्रं. पण ५५८ किलोहर्ट्झवरची अस्मिता वाहिनी काही सापडेना. नुसती घरघर. दोन कारणं निघाली. एक, एसएमपीएस. त्याची कुरकुर मीडियम वेव्हवर सगळं झाकून टाकते. बॅटरीवर घेतल्याबरोबर घरघर गेली. दुसरं, पडद्यावर ५५० नंतर एकदम ५६० येत होतं. सेट अमेरिकेच्या पद्धतीवर गेला होता, तिथे मीडियम वेव्हची पावलं १० किलोहर्ट्झची, आपल्याकडे ९ ची. एफएममध्ये हे लक्षात आलं नाही, कारण तिथे तो एक सोडून एक दशांश घेतो आणि ९१.१, ९३.५, ९८.३, १०७.१ ही आपली केंद्रं नेमकी त्यातच बसतात. मेनूतून एरिया बदलला, ५५८ आलं, आणि खिडकीत तार टांगल्यावर त्यातून मराठी बोलणं आलं.

शेवटी एक तपासणी मुद्दाम केली. केंद्रं साठवली, लाल तार काढली, पिवळी तशीच ठेवली, रात्रभर. सकाळी लाल जोडली तर सगळी केंद्रं जागेवर. तेही कागदावर लिहिलं.

रविवारी भावाने सेट, अ‍ॅम्प आणि माझा कागद फिटरला दिला. हिरव्या जोडीवर मी "वापरू नये" अशी चिठ्ठी लावली होती. बसवून झालं, आवाज उत्तम, पण किल्ली काढून पुन्हा लावली की साठवलेली केंद्रं गायब. फिटर म्हणाला, सेटची मेमरी गेली. भावाने त्याला कागदातली शेवटची ओळ दाखवली. त्याने ती दोनदा वाचली, डॅशबोर्डखाली हात घातला आणि मीटर लावला. गाडीच्या आधीच्या फिटिंगमध्ये पिवळी आणि लाल अदलाबदल झालेली होती, सेटच्या मेमरीला किल्लीवरची वीज मिळत होती. दोन तारा काढून उलट लावल्या, दहा मिनिटं लागली. मामा मागच्या सीटवर बसले होते. ते पुढे येऊन बसले आणि त्यांनी स्वतः ५५८ लावलं.